मांडेल्लोचा कारागीर कार्लो गुझी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा मोठा रस्ता पेण ओलांडून वडखळास येतो, आणि तेथें त्याला अलिबागचा फांटा फुटतो. या नाक्यावर एखाद्या रविवारीं सकाळीं घटकाभर उभें राहिलें, तर नाना देशांच्या मोटारसायकली पाहावयास मिळतात. मुंबईचे हौशी तरुण पहाटेस निघून थव्याथव्यानें अलिबागेकडे किंवा खालीं कोंकणांत जातात, आणि वडखळास चहासाठीं थांबतात. आमच्या शाळेंतील कांहीं मुलें त्या वेळीं तेथें हटकून हजर असतात, हें आम्हांस ठाऊक आहे. आणि सोमवारीं वर्गांत त्यांचें लक्ष भूमितीकडे कां नसतें, हेंही ठाऊक आहे.

गेल्या वर्षीं अशाच एका सोमवारीं एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मोटारसायकलीचें चित्र काढलेलें आमच्या दृष्टीस पडलें. चित्र चांगलें होतें. टांकीवर पंख पसरलेला गरुड होता. गाडी कोणती असें विचारतां मोटो गुझी असें उत्तर मिळालें. ती किती वेगानें धांवते तें तर त्यानें न विचारतांच सांगितलें. परंतु गुझी हें गांवाचें नांव कीं माणसाचें, आणि गरुड तेथें कां येऊन बसला, हें त्यास सांगतां येईना. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं आम्हांसही तें नीटसें सांगतां आलें नाहीं. वही परत केली आणि शोध करूं लागलों. त्या शोधांत जें हातीं आलें, तें विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

नांवाविषयीं आधीं थोडें सांगितलें पाहिजे. इटालियन लोक या नांवाचा उच्चार गुत्सी असा कांहींसा करतात. आपल्याकडे गुझी हेंच रूढ झालें आहे, तेव्हां आम्हींही तेंच ठेवलें आहे.

कार्लो गुझी यांचा जन्म ४ ऑगस्ट १८८९ रोजीं उत्तर इटलींतील मिलान शहरीं झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचें कुटुंब कोमो सरोवराच्या कांठीं मांडेल्लो देल लारिओ या लहानशा गांवीं येऊन राहिलें. पुढें पाणी, पाठीशीं उंच डोंगर, असें तें गांव आहे. त्या गांवांत रिपामोंती नांवाचा एक लोहार होता. त्याच्या दुकानांत तरुण कार्लोचा बराच वेळ जाई. लोखंड तापवावें कसें, ठोकावें कसें, मोडलेलें यंत्र उघडून त्याचें दुखणें ओळखावें कसें, याचें पहिलें शिक्षण त्यास तेथें मिळालें. पुढें मिलानच्या इसोत्ता फ्रास्किनी या नामांकित मोटार कारखान्यांत त्यांनीं नोकरी केली. मोठा कारखाना काम कसें करतो, हें तेथें पाहावयास मिळालें. परंतु लोहाराच्या भट्टीशीं जडलेला स्नेह सुटला नाहीं. आपली पहिली गाडी त्यांनीं बांधली ती त्याच दुकानांत.

१९१५ सालीं इटली पहिल्या महायुद्धांत उतरली. गुझी हे विमानदळांत यंत्रज्ञ झाले, आणि व्हेनिसजवळच्या विमानतळावर दोन वैमानिकांशीं त्यांची गांठ पडली. एक जोवानी राव्हेल्ली, ब्रेशियाचा राहणारा. युद्धापूर्वींच मोटारसायकलींच्या शर्यतींत त्यानें नांव कमावलें होतें. दुसरा जॉर्जो पारोदी, जिनोव्हा बंदरांतील एका जहाजमालकाचा मुलगा. वैमानिकाचा जीव यंत्रज्ञाच्या हातीं असतो. एक पेंच ढिला राहिला तर काय होतें, हें ज्यांस रोज दिसतें त्यांच्यांत पदाचा आणि पैशाचा फरक फार काळ टिकत नाहीं. तिघांचा बेत असा ठरला कीं युद्ध संपल्यावर मिळून मोटारसायकल करावयाची. गुझी यांनीं ती बांधावयाची, पारोदीनें भांडवल उभें करावयाचें, आणि राव्हेल्लीनें ती शर्यतींत पळवून जगाला दाखवावयाची.

युद्ध संपलें. जॉर्जोनें वडिलांकडे पैसे मागितले. इमान्युएले व्हित्तोरिओ पारोदी हे व्यवहारी गृहस्थ होते. १९१९ च्या जानेवारींत त्यांनीं पहिल्या प्रयोगापुरते दीड-दोन हजार लिरा देण्याचें पत्रानें कबूल केलें. पुढचा पैसा मात्र गाडी स्वतः पाहिल्यावर, आणि ती पसंत पडली तरच. पालकांनीं हें पत्र ध्यानांत घेण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें. मुलाची हौस त्यांनीं धुडकावली नाहीं, आणि तिच्यापुढें थैलीही मोकळी सोडली नाहीं.

त्याच वर्षीं ११ ऑगस्टला राव्हेल्ली विमानाच्या अपघातांत मरण पावला. सारें युद्ध त्यास सुखरूप सोडून गेलें, आणि तें संपल्यावर हा घाला पडला. ज्यानें गाडी पळवावयाची, तोच गाडी तयार होण्याआधीं गेला. उरलेल्या दोघांनीं बेत सोडला नाहीं. वैमानिकांच्या चिन्हांतील पंख पसरलेला गरुड त्यांनीं राव्हेल्लीच्या स्मरणार्थ आपल्या गाडीवर घातला. वहीच्या मागच्या पानावरचा गरुड तो हाच.

पहिली गाडी तयार झाली तिला गुझी आणि पारोदी यांच्या आद्याक्षरांवरून जी. पी. असें नांव होतें. पण जॉर्जो पारोदी याचींही आद्याक्षरें तींच. गाडी माझी एकट्याची आहे असें लोकांस वाटेल, हें त्यास रुचेना. म्हणून बांधणाऱ्याचें नांव तेवढें ठेवण्यांत आलें. १५ मार्च १९२१ रोजीं जिनोव्हा येथें मोटो गुझी कंपनीची रीतसर स्थापना झाली, कारखाना मांडेल्लोस. यांत गमतीची गोष्ट अशी कीं ज्या कंपनीस गुझींचें नांव, तींत आरंभीं गुझींचा मालकी हिस्सा मुळींच नव्हता. भांडवल पारोदी घराण्याचें होतें. गुझींना बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीमागें ठराविक मोबदला मिळे. नांव एकाचें, पैसा दुसऱ्याचा, आणि चिन्ह तिसऱ्या, हयात नसलेल्या मित्राचें! अशा भागीदारींत भांडणास कितीतरी जागा असते. तरीही गुझी आणि पारोदी यांची जोडी पारोदीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५५ पर्यंत टिकली.

आतां त्या पहिल्या यंत्राकडे वळूं. नमुन्याची जी. पी. गाडी मोठी नामी होती. तिच्या एकुलत्या एका सिलिंडरवर चार झडपा होत्या, आणि त्या उघडणारा दांडा वर डोक्याशींच बसविला होता. विमानाच्या इंजिनांवर काम केलेल्या माणसाच्या कल्पना तिच्यांत स्पष्ट दिसत होत्या. ती वेगवान होती. पण बांधावयास अवघड आणि विकावयास महाग. येथें गुझींपुढें प्रसंग उभा राहिला. आपल्या बुद्धीचा पहिला आणि सर्वांत तेजस्वी नमुना बाजूस ठेवावयाचा, कीं मोजक्या श्रीमंतांस तो विकून मोकळें व्हावयाचें? गुझींनीं तो बाजूस ठेवला. विक्रीस जी गाडी काढली तींत झडपा दोनच होत्या, आणि तिचें नांवही नॉर्माले, म्हणजे साधी, असें ठेविलें. तिची शक्ति सुमारें ८ अश्वशक्ति, आणि वेग ताशीं ८० किलोमीटरांच्या आसपास. १९२१ सालीं अशा अवघ्या १७ गाड्या तयार झाल्या.

साधी म्हटली तरी तिची घडण विचारपूर्वक केलेली होती. त्या काळच्या बहुतेक मोटारसायकलींत सिलिंडर उभा असे. गुझींनीं तो आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून निजविला. गाडी धांवूं लागली कीं समोरचा वारा थेट सिलिंडरच्या डोक्यावर येई, आणि इंजिनाचें सर्वांत तापणारें अंग तेंच. शिवाय इंजिनाचें वजन जमिनीजवळ राही. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालणें आणि कमरेवर कळशी घेऊन चालणें यांत तोल राखण्याचा जो फरक आहे, तोच येथेंही.

दुसरी गोष्ट मापांची. सिलिंडरची रुंदी कमी आणि पिस्टनची धांव लांब, अशी तेव्हांची चाल होती. गुझींनीं उलट केलें: रुंदी ८८ मिलिमीटर, धांव ८२. वरच्या वर्गांतील मुलांनीं येथें थांबून वृत्तचितीचें घनफळ काढून पाहावें. उत्तर ५०० घन सेंटिमीटरांहून सुमारें सव्वा घन सेंटिमीटरानें कमी येईल. घनफळ तेवढेंच राहून धांव आंखूड झाली, म्हणजे तितक्याच फेऱ्यांत पिस्टनला अंतर कमी तोडावें लागतें, आणि झीजही कमी. इंजिनाची शक्ति गिअरच्या पेटीकडे नेण्यास त्यांनीं दांतेरी चाकें वापरलीं, म्हणजे तेथें ढिली पडणारी साखळी किंवा घसरणारा पट्टा नको.

तिसरी गोष्ट त्या गाडीकडे पाहतांच डोळ्यांत भरते. इंजिनाच्या डाव्या बाजूस एक मोठें, जड, उघडें चाक गरगर फिरत असतें. त्यास फ्लायव्हील म्हणतात. या जातीच्या इंजिनांत पिस्टनच्या चार खेपांपैकीं एकच खेप कामाची. बाकीच्या तीन त्या जड चाकाच्या जोरावर ओढून न्याव्या लागतात. जातें एकदां भरधांव फिरूं लागलें कीं खुंट्यावरचा हात क्षणभर सुटला तरी तें थांबत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. हें चाक आंत ठेवलें असतें तर इंजिनाची पेटी अवजड झाली असती. म्हणून तें बाहेर. इटालियन लोक थट्टेनें त्यास खाटकाच्या दुकानांतील मांसाचे काप करणाऱ्या यंत्राची उपमा देत. पायजमा घालून ती गाडी चालवूं नये हें उघडच आहे.

कारखाना नवा असला कीं नांव शर्यतींतच होतें. १९२१ च्या सप्टेंबरांत मिलान ते नेपल्स या लांब पल्ल्याच्या शर्यतींत दोन गुझी गाड्या उतरल्या. विसाव्या क्रमांकाच्या मागें-पुढें आल्या. पण मुक्कामास पोंचल्या. त्याच वर्षीं सिसिली बेटांतील तार्गा फ्लोरिओच्या शर्यतींत जीनो फिन्झी पहिला आला. आणि १९२४ सालीं चार झडपांची ती बाजूस ठेवलेली कल्पना शर्यतीच्या गाडींत पुन्हां प्रकट झाली! तीवर बसून ग्विदो मेंतास्ती यानें मोंझा येथें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. चांगली कल्पना टाकून देणें वेगळें, आणि तिची वेळ येईपर्यंत फडताळांत जपून ठेवणें वेगळें.

इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यत ही तेव्हां सर्व शर्यतींची कसोटी समजली जाई. उघड्या डोंगरी रस्त्यावर एक फेरा सुमारें ६० किलोमीटरांचा. १९२६ सालीं पिएत्रो गेर्सी तेथें अडीचशें घन सेंटिमीटरच्या गुझीवर दुसरा आला, आणि लगेच बाद ठरविला गेला. कारण इतकेंच कीं अर्जांत लिहून दिला त्याहून निराळ्या कंपनीचा स्पार्क प्लग त्यानें वापरला होता. एवढ्याशा गोष्टीवरून ही शिक्षा आम्हांस कठोर वाटते. पण नियम तो नियम, आणि परीक्षेच्या अर्जांत चुकीचा क्रमांक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस या गेर्सीची आठवण करून देण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

येथपर्यंतची कथा वेगाची झाली. पण गुझींच्या कर्तृत्वाचा जो भाग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, तो वेगापेक्षां निराळ्या ठिकाणीं आहे. त्या काळीं मोटारसायकलीच्या पुढच्या चाकास स्प्रिंग असे; मागचें चाक मात्र चौकटीस ताठ जखडलेलें. पेणहून वडखळास येणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि वर्षानुवर्षें रेंगाळलें. त्या खड्ड्यांतून दुचाकीवर गेलेल्यांस ताठ चाक म्हणजे काय यातना असेल, याची कल्पना करतां येईल. पण प्रश्न केवळ पाठीच्या कण्याचा नाहीं. खड्ड्यावरून उडालेलें चाक जितका वेळ अधांतरीं असतें, तितका वेळ इंजिनाची शक्ति फुकट जाते आणि ब्रेकही निरुपयोगी होतो. चाक जमिनीला धरून राहिलें तरच गाडी माणसाच्या ताब्यांत राहते.

कार्लो आणि त्यांचे बंधू ज्युसेप्पे यांनीं मागच्या चाकास स्प्रिंगा द्यावयाचें ठरविलें. स्प्रिंगा त्यांनीं इंजिनाच्या खालीं पेटींत आडव्या बसविल्या, म्हणजे वजन खालींच राहील. १९२८ सालीं ही जी. टी. नांवाची गाडी निघाली. लोकांनीं तिच्याकडे संशयानें पाहिलें. मागचें चाक हलतें ठेवलें तर गाडी वेगांत डोलूं लागेल, असा चालविणाऱ्यांचा ठाम समज होता. समज खोडून काढण्यास ज्युसेप्पे यांनीं वादविवाद केला नाहीं. ते त्याच वर्षीं ती गाडी घेऊन युरोपच्या उत्तर टोंकास, नॉर्वेंतील नॉर्थ केपपर्यंत जाऊन आले. तेव्हांचे तिकडचे रस्ते म्हणजे कित्येक ठिकाणीं नुसते दगडमातीचे. गाडी परत आली, चौकट शाबूत राहिली. आणि गिऱ्हाइकें तरीही फारशीं वळलीं नाहींत. गाडी थोडीच खपली.

समज मोडला तो सात वर्षांनीं. १९३५ सालीं त्याच बेटावरील मुख्य शर्यतींत गुझींची पाचशें घन सेंटिमीटरची, दोन सिलिंडरांची आणि मागें स्प्रिंगा असलेली गाडी आयर्लंडच्या स्टॅन्ले वुड्सच्या हातीं होती. तिच्यापुढें उभे होते इंग्लंडच्या नॉर्टन कारखान्याचे अनुभवी वीर. या शर्यतींत सारे एकदम सुटत नाहींत. थोड्या थोड्या अंतरानें सोडतात आणि घड्याळ पाहून निकाल लावतात. नॉर्टनवरचा जिमी गथ्री आधीं सुटलेला, वुड्स बऱ्याच मागून. शेवटच्या फेऱ्याच्या आधीं गुझीच्या माणसांनीं पेट्रोल भरण्याची जय्यत तयारी मांडली. तें पाहून वुड्स आतां थांबणार असें नॉर्टनच्या माणसांस वाटलें, आणि गथ्रीस त्यांनीं निर्धास्त राहण्याची खूण पोंचविली. वुड्स थांबलाच नाहीं. तो तसाच गर्जत पुढें निघून गेला. खूण बदलण्यास आतां उशीर झाला होता. गथ्री आधीं येऊन पोंचला, लोकांनीं त्यास विजयी मानून गराडा घातला; आणि मग वुड्स आला. सुमारें सव्वाचारशें किलोमीटरांच्या शर्यतींत तो ४ सेकंदांनीं जिंकला होता. १९११ नंतर या मुख्य शर्यतींत ब्रिटिश नसलेली गाडी प्रथमच पहिली आली. पेट्रोलच्या डब्याची ती हूल आम्हांस पूर्णपणें पसंत नाहीं, हें कबूल करतों. पण फेऱ्यामागून फेरे त्या डोंगरी रस्त्यावर गाडी ज्या स्थिरपणें धांवली, त्यांत हूल नव्हती. तेव्हांपासून मागच्या स्प्रिंगांस कोणी हंसेना.

त्या वर्षांत इटलीवर मुसोलिनीची सत्ता होती, हें येथें गाळणें बरें नव्हे. इटालियन गाडीचा प्रत्येक विजय ती सत्ता आपल्या वैभवांत जमा करी. दुसऱ्या महायुद्धांत मांडेल्लोचा कारखाना लष्करासाठीं आल्चे नांवाच्या गाड्या बांधीत होता. त्यांतही तोच आडवा सिलिंडर. यंत्र चांगलें असलें म्हणजे तें चांगल्याच कामास लागतें असें नाहीं.

युद्धानंतर इटली कंगाल झाली होती. लोकांस शर्यतीच्या गाड्या नको होत्या, कामावर पोंचविणारें कांहींतरी हवें होतें. १९४६ सालीं कारखान्यानें अवघ्या ६५ घन सेंटिमीटरची एक चिमुकली गाडी काढली. लोकांनीं लाडानें तिला गुझीनो म्हटलें. दिवस पालटले, आणि १९५० सालीं आमच्या विषयाची खरी नायिका अवतरली. तिचें नांव फाल्कोने, म्हणजे ससाणा. गुझींच्या कारखान्यास पक्ष्यांच्या नांवांची मोठी आवड. आयरोने म्हणजे बगळा. वडखळच्या खारजमिनींत आणि भातशेतांत आपण रोज पाहतों तोच. शिवाय आल्बात्रोस, कोंदोर, कोंबडा, चंडोल, असा सारा पक्षिसंग्रहच तेथें होता.

या ससाण्यास तोच आडवा सिलिंडर, तीच ८८ आणि ८२ ची मापें, तेंच बाहेरचें जड चाक. तीस वर्षांत झडपा डोक्यावर आल्या, गिअर चार झाले, मागचें चाक स्प्रिंगांवर आलें; अस्थिपंजर जुनाच राहिला. मिनिटास ४,५०० फेऱ्यांवर २३ अश्वशक्ति, वजन सुमारें १७० किलो, वेग ताशीं सुमारें १३५ किलोमीटर. येथें पुन्हां थोडें गणित करूं. एका फेरींत पिस्टन ८२ मिलिमीटर पुढें आणि तितकाच मागें जातो. सेकंदास ७५ फेऱ्या झाल्या, म्हणजे पिस्टन सेकंदास सरासरी १२.३ मीटर धांवला. त्या मानाच्या गाडीस हें सोसण्याजोगें आहे, आणि गाडी दीर्घायुषी होण्याचें एक कारण हेंच. सावकाश चालतांना तिचे ठोके एकेक मोजावे इतके संथ पडत. इटलीचे पोलीस आणि काराबिनिएरी यांनीं ती वर्षानुवर्षें वापरली.

आमच्याच महाराष्ट्रांत, बारामतीस, पियाज्यो कंपनीचा कारखाना आहे. मोटो गुझीही २००४ पासून त्याच कंपनीच्या छत्राखालीं आहे. २०२३ सालीं बारामतीच्या कारखान्यांतील अॅप्रिलिया आर. एस. ४५७ ही इटालियन घडणीची मध्यम आकाराची शर्यती थाटाची गाडी बाजारांत जाहीर झाली. तिचें इंजिन ४५७ घन सेंटिमीटरचें, सिलिंडर दोन, शक्ति ४७.६ अश्वशक्ति, आणि पेट्रोलासह वजन १७५ किलो. ससाण्याशीं ताडून पाहा: वजन जवळजवळ तेंच, इंजिन थोडें लहानच, आणि शक्ति दुपटीहून जास्त. ही शक्ति येते कोठून? ती आपलें शिखर मिनिटास ९,४०० फेऱ्यांवर गांठते, म्हणजे ससाण्याच्या दुपटीहून अधिक वेळां. आणि तिच्या प्रत्येक सिलिंडरवर झडपा चार आहेत. १९२० च्या सुमारास महाग पडते म्हणून गुझींनीं बाजूस ठेवलेली गोष्ट बारामतीच्या कारखान्यांत नित्याची झाली आहे! मुलांनीं मात्र एवढें विसरूं नये कीं वडखळच्या रस्त्यावर ४७ घोडे जुंपावयाची जागा क्वचितच सांपडते, आणि हातीं परवाना असल्यावांचून एकही घोडा जुंपतां येत नाहीं.

गुझींचे अखेरचे दिवस तितके सुखाचे नव्हते. १९५० सालीं मांडेल्लोस गाड्यांवर वारा सोडून पाहण्याचा प्रचंड बोगदा बांधण्यांत आला. मोटारसायकलीच्या कारखान्यानें असें कांहीं करणें नवलाचें होतें. जुल्यो चेझारे कारकानो या बुद्धिमान यंत्रशास्त्र्यानें १९५५ सालीं पाचशें घन सेंटिमीटरांत आठ सिलिंडर बसवून शर्यतीची एक गाडी केली; तिचा वेग ताशीं पावणेतीनशें किलोमीटरांच्या घरांत गेला. जो कारखाना एका सिलिंडरवर उभा राहिला त्यानें आठ केले! पण त्याच १९५५ त जॉर्जो पारोदी वारला, त्याच वर्षीं फियाट कंपनीची ६०० ही लहान मोटार निघाली, आणि १९५७ त तिच्याहून लहान ५०० आली. पाऊस न लागतां बायकामुलांसह जातां येतें म्हटल्यावर दुचाकीवर कोण बसणार? १९५७ च्या अखेरीस कारखाना शर्यतींतून बाहेर पडला. तोंपर्यंत त्याचीं विजयपदें तीन हजारांवर गेलीं होतीं.

कित्येकांनीं गुझींवर असा आक्षेप घेतला आहे कीं ते आपल्या आडव्या सिलिंडरास फार काळ चिकटून राहिले. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. १९२१ चा सांगाडा १९५० त पुन्हां बाजारांत आणणें यांत हट्ट होताच. आमचें मत असें कीं त्यांनीं मूळ आंखणीच इतकी विचारानें केली होती कीं ती बदलण्याचें कारण त्यांस फार दिवस सांपडलें नाहीं; आणि जेव्हां कारण आलें, तेव्हां तें इंजिनाच्या दोषांतून आलें नाहीं, बाजारांतून आलें. शिवाय हट्टी मनुष्य म्हातारपणीं नवें करीत नाहीं. १९५६ त निघालेली लोदोला, म्हणजे चंडोल, ही १७५ घन सेंटिमीटरची गाडी त्यांची अखेरची कृति मानतात. तींत त्यांनीं आपला लाडका आडवा सिलिंडर सोडून तो तिरपा उभा केला.

३ नोव्हेंबर १९६४ रोजीं कार्लो गुझी यांचें देहावसान झालें. पुढें १९६७ त कंपनी पारोदी घराण्याच्या हातांतून गेली. ससाणाही त्याच वर्षापर्यंत कारखान्यांतून बाहेर पडत होता. त्याच सुमारास कारकानोंनीं आंखलेलें एक निराळेंच इंजिन विक्रीस आलें. त्यांत सिलिंडर दोन, आणि ते गाडीच्या दोहों बाजूंस इंग्रजी व्ही अक्षरासारखे बाहेर डोकावतात. मांडेल्लोचा कारखाना आजही चालू आहे, आणि अशाच व्ही आकाराचीं इंजिनें तेथें तयार होतात.

हें सर्व वाचून झाल्यावर आम्हीं त्या मुलाची वही पुन्हां मागून घेतली. त्याच्या चित्रांतील गाडीस दोन्ही बाजूंस एकेक सिलिंडर काढलेला होता, आणि आडवा एकही नव्हता. म्हणजे चित्र बरोबर होतें. वडखळ नाक्यावर त्यानें पाहिलेल्या त्या गाडींत गुझींचें इंजिन नव्हतें; गुझींचें नांव होतें, आणि राव्हेल्लीचा गरुड.